छायाचित्र संवर्धनाच्या उपयोगाचे आहे, पण त्यातील माणसाला ते नको आहे. काय करावे?

कांदळ

गेली तीन वर्षे मी खाडीकाठच्या एका मच्छीमार वस्तीचे छायाचित्रण करतो आहे. खाडी गाळाने भरत चालली आहे, कांदळवन मागे हटते आहे आणि ज्या घरांत तीन होड्या होत्या तिथे आता एक उरली आहे. हे सगळे नोंदवून ठेवावे, एवढ्याच हेतूने काम सुरू केले होते.

या कामातील एक चित्र बरेच पाहिले गेले. उपड्या होडीला टेकून एक आजी जाळे सांधत आहेत, दोऱ्याचे टोक त्यांनी दातांत धरले आहे आणि मागे क्षितिजापर्यंत नुसता गाळ दिसतो आहे. खाडी वाचवण्यासाठी काम करणाऱ्या एका संस्थेला हे चित्र मोहिमेच्या मुख्य फलकासाठी हवे आहे, कारण काही आठवड्यांत त्या भागाविषयी जनसुनावणी होणार आहे. आजींनी चित्र काढताना होकार दिला होता. आता मात्र त्यांची नात म्हणते आहे की हे चित्र कुठेही लावू नये. तिचे शब्द असे: "यात आजी बिचारी दिसते. ती बिचारी नाही."

चित्र दिले नाही तर खाडीच्या बाजूने असलेला एक चांगला पुरावा कमी होईल, आणि दिले तर ज्या घराने मला तीन वर्षे दारात उभे केले त्या घराचा शब्द मोडला जाईल. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

पारंबी

होकार चित्र काढायला होता की फलकावर लावायला? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते इथेच उत्तर मिळते.

अंधारखोली

कांदळ, तुमच्यासमोरचा पेच या क्षेत्रातील सर्वांत थोर चित्रांपैकी एकाच्या वाट्याला आलेला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

जपानमधील मिनामाता येथे चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून पारायुक्त सांडपाणी समुद्रात सोडले जात होते. मासे विषारी झाले आणि ते खाणाऱ्या कोळी कुटुंबांना मज्जासंस्थेचा भयंकर विकार जडला. १९५६ मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली, तरी विषारी पाणी सोडणे १९६८ पर्यंत चालूच होते. १९७१ मध्ये अमेरिकी छायाचित्रकार युजीन स्मिथ आणि त्यांच्या पत्नी आयलीन तिथे जाऊन राहिले. काही दिवसांचा दौरा करून ते परतले नाहीत, सुमारे तीन वर्षे ते त्याच लोकांत राहिले. कंपनीच्या माणसांनी केलेल्या मारहाणीत स्मिथ यांना जबर इजा झाली. त्याआधी काहीच आठवडे, डिसेंबर १९७१ मध्ये, त्यांनी ते चित्र काढले होते: जन्मतःच या विषाने अपंग झालेल्या तोमोको नावाच्या मुलीला तिची आई न्हाणीघरात मांडीवर घेऊन बसली आहे. मिनामाता म्हटले की जगाच्या डोळ्यांसमोर हेच चित्र येते. ते आईवडिलांच्या संमतीने काढले होते आणि आपल्या मुलीवर काय गुदरले हे लोकांना कळावे अशी त्यांचीही इच्छा होती.

तोमोको १९७७ मध्ये वारली. ते चित्र मात्र जगभर फिरतच राहिले, पुस्तकांत, प्रदर्शनांत, भित्तिपत्रकांवर. आपल्या मुलीला आता विसावा मिळावा असे आईवडिलांना वाटू लागले. अखेर १९९० च्या दशकाच्या शेवटी आयलीन स्मिथ यांनी त्या चित्राबाबत निर्णय घेण्याचा अधिकार आईवडिलांच्या हाती सोपवला आणि नव्या प्रसिद्धीसाठी ते देणे थांबवले.

त्या काळात मी स्वतः छापखोलीत दिवस काढत होतो. हे वाचले तेव्हा प्रथम हळहळ वाटली, कारण ज्या चित्रामुळे हजारो लोकांना पाऱ्याच्या विषाचा अर्थ कळला ते झाकले जाणार होते. माझे मत बदलायला काही वर्षे लागली. आज मला वाटते की आधी दिलेली संमती खरी होती आणि नंतर मागितलेला विसावाही तितकाच खरा होता. नंतरचा शब्द आला की पहिल्याच्या जोरावर चित्र चालवत राहता येत नाही.

गवताळ

अंधारखोली यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून असहमती नोंदवतो.

छायाचित्रांनी भूभाग वाचवले आहेत, आणि ते कोणाच्या भावनांना धक्का लागणार नाही याची वाट पाहत बसल्याने वाचलेले नाहीत. कार्लटन वॉटकिन्स यांनी १८६१ मध्ये सुमारे १८ बाय २२ इंचांच्या अवजड काचा खेचरांवर लादून अमेरिकेतील योसेमिटी खोऱ्याची चित्रे काढली. ती वॉशिंग्टनपर्यंत पोहोचली आणि १८६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी ते खोरे राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. विल्यम हेन्री जॅक्सन यांनी १८७१ मध्ये यलोस्टोनचे उष्ण झरे टिपले आणि पुढच्याच वर्षी ते राष्ट्रीय उद्यान झाले. कायदा करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती जागा डोळ्यांनी पाहिलेली नव्हती, त्यांनी चित्रे पाहिली होती.

कांदळ यांच्या खाडीचा निर्णयही अशाच लोकांच्या हाती असणार, ज्यांचे पाय त्या गाळात कधी रुतलेले नाहीत. एका नातीच्या संकोचासाठी संपूर्ण वस्तीच्या उपजीविकेचा पुरावा मागे ठेवणे हेही एक प्रकारे त्या वस्तीवर अन्याय करणे आहे. आजींच्या शेजारच्या चाळीस घरांना कोणी विचारले आहे का?

दगडफूल

गवताळ, तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणे खरी आहेत, पण त्यांचा उरलेला अर्धा भागही खरा आहे. वॉटकिन्स कॅमेरा घेऊन पोहोचण्याच्या १० वर्षे आधी, १८५१ मध्ये, एक सशस्त्र तुकडी त्या खोऱ्यात शिरली होती आणि तिथल्या आवानीची लोकांना हुसकावून लावण्यासाठीच ती आली होती. खोऱ्याच्या ज्या चित्रांनी लोक भारावले त्यांत कडे आहेत, धबधबे आहेत, तळ्यात पडलेले प्रतिबिंब आहे, आणि माणूस जवळजवळ कुठेच नाही. चित्र पाहणाऱ्याला वाटते की ही भूमी अशीच निर्मनुष्य होती आणि तिला तसेच राखायला हवे. मूळ रहिवाशांना दूर ठेवून संवर्धन करण्याची जी पद्धत पुढे जगभर गेली, तिला या रिकाम्या चौकटींनी मोठाच आधार दिला असे माझे ठाम मत आहे.

म्हणून खाडीचे चित्र काढताना त्यात आजी आहेत ही गोष्टच मोलाची आहे. प्रश्न इतकाच आहे की त्या चित्रात कोण म्हणून आहेत. त्या खाडी जाणणाऱ्या बाई आहेत की खाडीबरोबर संपत चाललेली एक वस्तू आहेत? नातीने नेमके यावरच बोट ठेवले आहे. "संकोच" हा शब्द तिच्या बोलण्यात नाही, तो तुमचा आहे.

काजवा७

धाग्यात आजींचे नाव कुठेही नाही, आणि सार्वजनिक ठिकाणी ते नसणेच योग्य आहे. पण कांदळ, संस्थेला दिलेल्या चित्रओळीत, म्हणजे चित्राखालच्या मजकुरात, नाव होते का?

विचारण्याचे कारण सांगतो. अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाण्याच्या मळ्याजवळ तळ ठोकून असलेल्या एका स्थलांतरित आईचे चित्र काढले. महामंदीचा चेहरा म्हणून ते आजही ओळखले जाते. ते वर्तमानपत्रात छापून आल्यावर सरकारने त्या तळावर अन्न पाठवले, पण ते कुटुंब तोपर्यंत पुढे निघून गेले होते. लँग यांनी त्या बाईंना नावही विचारले नव्हते, असे त्यांनीच नंतर लिहिले आहे. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला १९७८ मध्ये कळले, आणि तेव्हा त्या बाईंनी सांगितले की हे चित्र काढले गेले नसते तर बरे झाले असते. चाळीसहून अधिक वर्षे त्या स्वतःच्या चेहऱ्याच्या प्रसिद्धीशेजारी अनामिक राहिल्या.

ब्राझीलचे छायाचित्रकार सेबास्तियाव सालगादो यांच्या स्थलांतरितांच्या चित्रांवर लेखिका सुसान सोन्टॅग यांनी घेतलेला मोठा आक्षेपही हाच होता, की चित्रओळींत माणसांची नावे नाहीत. नाव गेले की माणूस आपल्या जातीचा, आपल्या धंद्याचा, आपल्या हालांचा नमुना होऊन उरतो.

पारंबी

सालगादो यांचे नाव निघालेच आहे तर दुसरी बाजूही नोंदवायला हवी. माणसांचे हाल टिपता टिपता ते स्वतः खचले, आणि १९९८ मध्ये पत्नी लेलिया यांच्यासह ब्राझीलमधील वडिलांच्या उजाड झालेल्या जमिनीवर त्यांनी इन्स्तितुतो तेरा ही वनीकरणाची संस्था सुरू केली. तिथे पुढे वीस लाखांहून अधिक झाडे लावली गेली. कॅमेऱ्याबाहेर इतके काम करणारे या क्षेत्रात फार थोडे सापडतील.

संथ_प्रवाह

मी छायाचित्रकार नाही. पाणथळ जागांचे मोजमाप करणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा आहे. कांदळ, ते चित्र कोणत्या तिथीला, कोणत्या वेळी काढले होते? मागे क्षितिजापर्यंत दिसणारा गाळ हा साचलेला गाळ आहे की ओहोटीचा?

हा प्रश्न किरकोळ नाही. १९३६ च्या दुष्काळात अमेरिकी सरकारसाठी छायाचित्रे काढणाऱ्या आर्थर रॉथस्टीन यांना साउथ डकोटात बैलाची एक पांढरी पडलेली कवटी सापडली. त्यांनी ती भेगाळलेल्या जमिनीवर आणि जवळच्या गवतावर, अशा वेगवेगळ्या जागी काही फुटांच्या अंतरावर हलवून चित्रे काढली. दुष्काळ खरा होता, जमीन खरी होती, कवटीही खरी होती. तरीही निवडणुकीच्या दिवसांत विरोधकांनी ती हलवलेली कवटी पकडली आणि सगळ्याच सरकारी छायाचित्रणावर खोटेपणाचा शिक्का मारायचा प्रयत्न केला.

अलीकडचे उदाहरण २०१७ चे आहे. उपासमारीने हाडे वर आलेल्या एका ध्रुवीय अस्वलाचे चित्रीकरण पॉल निकलेन आणि क्रिस्टिना मिटरमायर यांच्या चमूने केले, आणि ते कोट्यवधी लोकांपर्यंत गेले. नॅशनल जिऑग्राफिकने त्यावर हवामानबदल असा दिसतो, या अर्थाची ओळ घातली होती. ते एक अस्वल नेमके कशामुळे मरणपंथाला लागले हे कोणालाच सांगता येत नव्हते. २०१८ मध्ये नियतकालिकाने मान्य केले की ती ओळ पुराव्याच्या पुढे गेली होती. समुद्रावरचे बर्फ घटते आहे आणि अस्वलांचा अधिवास आक्रसतो आहे हे मापनांनी सिद्ध झालेले असताना, एका ओळीच्या अतिशयोक्तीने शंका घेणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळाले.

जनसुनावणीत समोरचा वकील पहिल्यांदा हेच विचारील, की हे चित्र ओहोटीचे आहे का. त्याचे उत्तर आजच तयार असावे.

कांदळ

संथ_प्रवाह, तुमचा प्रतिसाद वाचून मी मूळ फाइल उघडली आणि तारीख व वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहिली. चित्र अमावास्येनंतरच्या दुसऱ्या दिवशीचे आहे, म्हणजे उधाणाच्या काळातील, आणि पूर्ण ओहोटीच्या जेमतेम वीस मिनिटे आधीचे. त्या वेळी ती खाडी पूर्वीही तितकीच उघडी पडत असणार. संस्थेला पाठवताना मी चित्राखाली "आटत चाललेली खाडी" असे लिहिले होते.

मी खोटे लिहिण्यासाठी लिहिले नव्हते. पहाटेचा तिरपा प्रकाश ओल्या गाळावर पडला की तो चमकतो, म्हणून मी नेहमी त्याच वेळी जात होतो, आणि खाडी गाळाने भरते आहे हे मला वस्तीने सांगितलेलेच होते. त्या दोन गोष्टी माझ्या मनात एकत्र झाल्या. संस्थेला आज पत्र पाठवून ती ओळ मागे घेतली आहे.

काजवा७, चित्रओळीत नाव नव्हते. "एक वृद्ध मच्छीमार स्त्री" असे होते.

अंधारखोली

हे इथे उघडपणे लिहिलेत याचे मनापासून कौतुक वाटते. चित्रओळ हा चित्राचाच भाग आहे, हे शिकायला मला निम्मे आयुष्य लागले.

गवताळ

माझे म्हणणे मी अर्धे मागे घेतो. जे चित्र उलटतपासणीत टिकणार नाही ते वस्तीच्या उपयोगाचे नाही, हे मान्य. उरलेल्या अर्ध्यावर मी ठाम आहे. पुरावा हवाच, आणि तो डोळ्यांना दिसणारा हवा. कोष्टके वाचून कोणाच्या पोटात तुटत नाही. मग हा गाळ दाखवायचा तरी कसा?

संथ_प्रवाह

जागा तीच, उंची तीच, भिंगाचे नाभीय अंतर तेच, भरतीची अवस्था तीच, आणि वर्षे वेगळी. याला पुनर्छायाचित्रण म्हणतात. जेम्स बेलॉग यांच्या एक्स्ट्रीम आइस सर्वे या प्रकल्पाने २००७ पासून हिमनद्यांसमोर कॅमेरे कायमचे रोवून दिवसाच्या उजेडात ठरावीक अंतराने चित्रे घेतली, त्यामुळे हिमनदी मागे सरकताना प्रत्यक्ष दिसली. तिथल्या एकेका चित्रात तसे काही नाट्य नाही, पण क्रमाने लावल्यावर ते कोणी नाकारू शकत नाही.

खाडीसाठी इतका खर्च लागत नाही. एक पक्का दगड किंवा खांब ठरवा, तिपाईच्या तिन्ही पायांच्या जागा खुणेने पक्क्या करा आणि दर वर्षी त्याच महिन्यातील उधाणाच्या पूर्ण भरतीला चित्र घ्या. भांगाच्या, म्हणजे उधाणापेक्षा कमी चढणाऱ्या, भरतीचे चित्र उधाणाच्या शेजारी ठेवू नका, म्हणजे कोणाला बोट दाखवायला जागा राहणार नाही. वस्तीतील जुने घरगुती फोटोही पाहा, कारण लग्नाच्या किंवा होडीच्या पूजनाच्या फोटोत मागे काठ दिसत असतो.

काजवा७

अवांतर वाटेल, पण याच कामातील एक धोका नोंदवतो. एका दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याचे चित्र मी पूर्वी टाकले होते आणि फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश तसेच राहिले होते. पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा झुडपाभोवतीचे गवत इतक्या पायांनी तुडवलेले होते की जमीन दिसत होती, आणि घरटे रिकामे होते. चित्र सार्वजनिक करण्याआधी ती माहिती काढून टाका आणि मागचा ओळखू येणारा डोंगर वा मनोराही तपासा. शिकारीला आणि वनस्पतींच्या चोरीला अशा नोंदींचा उपयोग होतो. हीच काळजी माणसांबाबतही घ्यावी लागते: जे लोक वाळूउपशाविरुद्ध किंवा बेकायदा तोडीविरुद्ध उभे असतात त्यांचे घर चित्रातून ओळखता येता कामा नये.

मैत्रेयी_लिहिते

धागा सुरुवातीपासून वाचते आहे. सगळे प्रतिसाद छायाचित्रकाराने काय करावे याविषयी आहेत, म्हणून एक वेगळा विचार मांडते.

१९९० च्या दशकात कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बुरिस यांनी चीनमधील युनान प्रांतातील ग्रामीण स्त्रियांच्या हाती कॅमेरे दिले. चित्रे त्यांनी काढली, कोणती दाखवायची ते त्यांनी ठरवले आणि त्याविषयी बोलल्याही त्याच. या पद्धतीला पुढे फोटोव्हॉइस हे नाव मिळाले. एका नदीकाठच्या गावात आम्ही तसाच एक लहान प्रयोग केला होता. आम्हाला वाटले होते की मुली मेलेले मासे आणि फेस टिपतील. त्यांनी घागरींचे काठ टिपले, ओळीने, पंचवीस-तीस घागरी, प्रत्येकीच्या आत पाणी जिथवर येते तिथे एक तांबूस रेघ. पाण्यात काय मिसळले आहे हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे चित्र आमच्यापैकी कोणालाही सुचले नसते, कारण त्या घागरी आम्ही कधी घासल्याच नव्हत्या.

तरी बाहेरच्या छायाचित्रकाराला काही करताच येत नाही असे मी म्हणणार नाही. छायाचित्रकार क्लाउदिया आन्दुखार यांनी १९७१ पासून ब्राझीलमधील यानोमामी आदिवासींची चित्रे काढली. रस्ते, खाणी आणि साथीचे रोग त्यांच्या जंगलात शिरले तेव्हा त्या लढ्यातच उतरल्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लसीकरणाच्या मोहिमेत नोंदीसाठी त्यांनी गळ्यात क्रमांक अडकवलेल्या माणसांची चित्रे घेतली. नाझींच्या छळात स्वतःचे आप्त गमावलेल्या बाईला त्या क्रमांकांकडे पाहताना काय वाटले असेल? तिथे माणसांवर खूण मरणासाठी केली गेली होती, इथे ती जगवण्यासाठी होती, असे त्यांनीच सांगितले आहे. १९९२ मध्ये सुमारे ९६,००० चौरस किलोमीटरचा यानोमामी प्रदेश अधिकृतपणे त्यांच्यासाठी राखला गेला. लक्षात घेण्यासारखे आणखी एक: माणूस गेल्यावर त्याच्या मागे त्याच्या वस्तू आणि खुणा ठेवायच्या नाहीत अशी यानोमामींची रीत आहे. त्यामुळे त्यांच्यासाठी चित्र ही मुळातच अवघड वस्तू होती, आणि तरीही आपला प्रदेश वाचावा म्हणून त्यांनी आन्दुखार यांच्या कामाला साथ दिली. ती साथ त्यांनी समजून-उमजून दिली होती, म्हणून तिला मोल आहे.

कांदळ, आजींना तुमची बाकीची चित्रे दाखवली आहेत का?

दगडफूल

मैत्रेयी यांचा शेवटचा प्रश्न खरे तर पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

कांदळ

नव्हती दाखवली. तीन वर्षांत मी त्या घरात दोन चौकटी भेट दिल्या होत्या, त्याही मला आवडलेल्या.

काल साठ चित्रे छापून घेऊन गेलो. आजींनी ती ओटीवर पसरायला सांगितली आणि स्वतः उभ्या राहून वरून पाहिली. काही न बोलता त्यांनी अकरा चित्रे उलटी केली. होडीजवळचे ते गाजलेले चित्र त्यांत होते. कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या दिवशी दात दुखत होता. म्हणून तोंड तसं झालंय." तीन वर्षे मी त्या चेहऱ्यात खाडीचे दुःख पाहत होतो.

मग त्यांनी मला काठावर नेले. तिथे एक जुना लोखंडी खुंटा आहे, ज्यावरून मी शेकडो वेळा चालत गेलो असेन. त्यांच्या लग्नाच्या वर्षी पूर्ण उधाणाला होडी याच खुंट्याला बांधत असत. काल उधाणाचीच भरती होती. आम्ही पाणी पूर्ण चढेपर्यंत थांबलो, आणि ते जिथे थांबले तिथून खुंट्यापर्यंत नातीने पावले मोजली. ती चाळीस भरली. आजी खुंट्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, नात पाण्याच्या कडेला उभी राहिली, आणि मी दोघींना एका चौकटीत घेतले. चित्रओळ नातीने सांगितली व मी लिहून घेतली. त्यात तारीख आहे, भरतीची वेळ आहे आणि आजींच्या इच्छेने त्यांचे पूर्ण नाव आहे.

संस्थेला हे चित्र तितके आवडलेले नाही. चेहरा लहान दिसतो आणि फलकावर परिणाम होणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. ते आतल्या पानात छापायला तयार आहेत. मी जुने चित्र देणार नाही असे कळवले आहे. सुनावणीत हे नवे चित्र मी सादर करणार नाही, आजी स्वतः करणार आहेत.

गवताळ

आतल्या पानात तर आतल्या पानात. सुनावणीत तेच चालेल. शेजारच्या चाळीस घरांबद्दलच्या माझ्या प्रश्नाचे काय झाले?

कांदळ

नात ती साठ चित्रे घरोघरी नेते आहे. ज्यांना आपले चित्र नको असेल ते उलटे करून परत देतील, असे ठरले आहे.

संथ_प्रवाह

एक विनंती. पावले माणसागणिक बदलतात, टेपने मोजा. खुंट्याच्या टोकाची उंची जवळच्या एखाद्या पक्क्या बांधकामापासून नोंदवून ठेवा, कारण खुंटाही खचत असू शकतो. आणि पुढच्या वर्षी याच महिन्यातील उधाण चुकवू नका.

कांदळ

टेप घेऊन रविवारी जातो आहे. पाणी थांबते तिथे दगड रोवायचे काम नातीने आपल्याकडे घेतले आहे.